चिंतांच्या पुड्या

माझं नाव शांतवन. हे नाव ठेवताना आईवडिलांनी जरा घाई केली, असं मला ओळखणाऱ्या प्रत्येकाचं मत आहे. पाऊस आला नाही की मला काळजी, आला की तो थांबेल का याची काळजी. एकदा आपल्याला कसलीच काळजी वाटत नाहीये हे ध्यानात आलं, आणि आपण नक्की काहीतरी विसरलो या धास्तीने मी दुपारचं जेवलो नाही.

आज ऐंशीला टेकलो असताना एक गोष्ट कबूल करायची आहे. अनसिंगजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळींची दहा-पंधरा घरं. त्यातल्या बऱ्याच घरांत एकेक पिवळा पडलेला कागद जपून ठेवलेला आहे. कुणाच्या बायबलात, कुणाच्या पेटीत. दौलतमामांच्या घरी तर तो भिंतीवर चिकटवलेला आहे. पाळकसाहेबांनी आपल्या हाताने लिहून दिलेला आशीर्वाद, असं त्याबद्दल सांगितलं गेलं. तो आशीर्वाद नाही. ते काय आहे हे मला माहीत होतं, आणि पन्नास वर्षं मी तोंड उघडलं नाही.

गोष्ट इंग्रजांच्या काळातली. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. आमच्याकडे पेरणीच्या आधीच्या रविवारी बियाण्याची प्रार्थना असते. प्रत्येक घरातून चिमूटभर ज्वारी कागदाच्या पुडीत बांधून देवळात आणायची (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो), पाळकसाहेब टोपलीवर हात ठेवून प्रार्थना करायचे, मग ज्याने त्याने एकेक पुडी घरी न्यायची. पेरताना तिफणीच्या चाड्यात पहिले दाणे पडायचे ते त्या पुडीतले.

त्या वर्षी वाशीमहून नवे पाळकसाहेब आले होते. तरुण, उत्साही, आणि (पुढे जे झालं ते पाहता हे सांगायलाच हवं) अंगात काळा कोट घालणारे. त्यांनी आदल्या रविवारी काळजीवर उपदेश केला. देव आपली काळजी वाहतो आहे, मग तेच ओझं आपण पुन्हा डोक्यावर घेऊन का चालायचं, असं ते म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्यांनी नवी कल्पना मांडली. पुढच्या रविवारी बियाण्याच्या टोपलीशेजारी दुसरी टोपली ठेवायची. तिच्यात ज्याने त्याने आपली चिंता लिहून टाकायची, आणि उपासना झाल्यावर अंगणात सगळ्या चिंता जाळून टाकायच्या.

कल्पना सगळ्यांना आवडली. अडचण एकच, लिहिता कुणालाच येत नव्हतं. वाशीमच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला मी एकटा. मग आठवडाभर माझ्या ओसरीवर रांग! सोनाकाकूंनी लिहून घेतलं की सून भाजीत मीठ टाकताना हात आवरत नाही. दौलतमामांनी लिहून घेतलं की उजवा बैल लंगडतो, ऐन पेरणीत बसला तर कसं होईल. लिहून झालं की माणूस हलका होऊन घरी जायचा आणि त्याची चिंता माझ्या डोक्यात राहायची. शनिवारपर्यंत मी सोनाकाकूंच्या सुनेच्या मिठाने आणि मामांच्या बैलाच्या पायाने पार वाळून गेलो.

शेवटी माझी स्वतःची चिंता लिहिली. ती खरी होती, हसण्यासारखी नव्हती. माझी बायको रूथ नदीवर सोनाकाकूंना सांगत होती की या माणसाच्या रोजच्या रडगाण्याने जीव विटला, पेरणी झाली की रिठदला माहेरी जाते. मी ते झाडाआडून ऐकलं होतं. मी लिहिलं, 'रूथ माहेरी गेली तर परत येणार नाही. आणि तिचं चुकेल असंही मला वाटत नाही.' कागदाची घडी घातली. तिला विचारण्याची हिंमत नव्हती.

रविवारी दोन्ही टोपल्यांची जबाबदारी माझ्यावर होती. आता आमच्या लोकांना कागदाची घडी एकच माहीत, बियाण्याच्या पुडीची. त्यामुळे चिंतांच्याही पुड्याच झालेल्या. कागदही दोन्हींना माझ्याच वहीचा. सकाळी वारा सुटला. चिंता उडून गावभर गेल्या तर, या काळजीने मी प्रत्येक पुडीत एकेक खडा घातला. मग दाराशी एक बकरी दिसली. तिने बियाणं खाल्लं तर, या काळजीने मी बियाण्याची टोपली उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली आणि चिंतांची टोपली तिच्या जागी सरकवली. मग दोन्हींवर पांढरं फडकं झाकलं. मग घराला कडी घातली की नाही ही काळजी लागली आणि मी घरी पळालो.

परत आलो तोवर टोपल्या जागेवरून हलवल्या होत्या हे मी साफ विसरलो होतो.

उपासना सुरेख झाली. पाळकसाहेबांनी चिंतांवर हात ठेवून भरघोस पिकासाठी प्रार्थना केली. मंडळींनी बाहेर जाताना एकेक पुडी उचलली, पदराला आणि धोतराच्या सोग्याला बांधली. मग सगळे अंगणात जमले आणि पाळकसाहेबांनी दुसरी टोपली पेटत्या शेगडीत उलटी केली.

थोडा वेळ नुसता धूर. मग फट्. मग फटफट. मग एकदम सगळीकडून तडतडाट सुरू झाला.

पाळकसाहेब शहरातले. त्यांचा चेहरा उजळला. "ऐका, बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "चिंता कशा फुटताहेत ते ऐका."

सगळे म्हणाले, आमेन. एक पांढरीशुभ्र लाही उडून त्यांच्या काळ्या कोटावर बसली. सगळ्या अंगणात ज्वारीच्या लाह्यांचा खमंग वास सुटला. मला मात्र टोपल्या सरकवल्याचं तेव्हा आठवलं. दौलतमामांनी दोनदा नाक ओढलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे डोळे मिटले. त्यांना भक्तीचा उमाळा आला असावा, असं मी समजलो.

दुपारपासून माझ्या ओसरीवर पुन्हा रांग. प्रत्येकाच्या हातात उघडलेली पुडी. पहिले दौलतमामा.

"शांतवना, पुडीत दाने नाही. खडा हाय अन् कागद हाय. काय लिवलं हाय, वाच बरं."

नेमकी मामांचीच पुडी मामांच्या हाती लागली होती. कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, उजवा बैल लंगडतो. आता काय सांगायचं? त्यांची चिंता जळालीच नाही, आणि प्रार्थनेचं बियाणं मात्र जळालं, तेही माझ्यामुळे! मी घसा खाकरला आणि वाचलं, "दौलतराव, देव तुमच्या वावराकडे पाहून राहिला आहे. बियाणं घरचंच पेरा. कळावे, पाळकसाहेब."

"अन् खडा?"

"विश्वास असा टणक पाहिजे म्हणून."

मामांनी खडा तळहातावर उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "लय मोठा मानूस," आणि गेले.

एकदा सुरुवात झाल्यावर मी थांबतो कसला! सोनाकाकूंना मी वाचून दाखवलं की त्यांच्या घरी प्रेम भरून वाहील (सुनेच्या मिठाचा कागद होता). संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांना आशीर्वाद वाटून झाले. एवढे तर पाळकसाहेबांनी वर्षभरात दिले नसतील. फक्त एकच कागद माझ्यासमोर आला नाही. माझा.

तो कुणाकडे गेला हे शोधायला मी येऊन गेलेली घरं बोटांवर पुन्हा पुन्हा मोजली. दिवेलागणीला रूथ आत आली आणि माझ्यासमोर पुडी धरली.

"आपल्या घरची. वाचा."

माझंच अक्षर, माझीच ओळ. पण दिवसभराचा सराव होता. मी वाचलं, "शांतवन आणि रूथ, तुमच्या घरात शांती नांदेल."

तिने कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "मी वाचलं तवा दुसरंच व्हतं."

पाळकसाहेबांच्या बाई दर गुरुवारी बायकांना शिवण शिकवतात असं मी समजत होतो. त्या अक्षरं शिकवत होत्या.

मी रिकाम्या पुडीतला खडा उचलून बाजूला ठेवला. रूथ शेजारी बसली.

"मायचा पाय मुरगळला म्हनून चालली व्हती मी. आठ दिवसासाठी," ती म्हणाली. "तुमच्या रडगाण्यानं जीव विटते, हे खरं हाय. पन विटला म्हनून कोनी घर सोडते काय? मले इचारलं काहून नाही?"

"भीती वाटली."

"हे देवाले लिवून देलं न तुमी? मंग आता त्याच्यापाशी राहू द्या. घडीघडी परत मांगू नका."

आम्ही दोघं तिथेच गुडघे टेकले. शब्द तिनेच उच्चारले, मी नुसता मागे मागे गेलो. पण सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी उतरलं. त्या क्षणी मला कळलं की शेगडीत काय जळलं याच्याशी देवाला काही घेणं नव्हतं. रूथ आठ दिवसांसाठी गेली आणि सातव्या दिवशी परत आली. मी त्या सात दिवसांत फक्त दोनदा काळजी केली. माझ्यासाठी ही कमाई फार मोठी होती.

रूथ म्हणाली होती की लोकांना खरं सांगून टाका. मी म्हणालो, उद्या सांगतो. तो उद्या पन्नास वर्षं लांबला. दौलतमामांनी कागद भिंतीला चिकटवला. त्यांचा बैल बरा झाला, पीक आलं, आणि माझी जीभ आणखी आखडली. गावात शाळा सुरू झाली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, मी मात्र माझा पेढा खिशात ठेवला. उद्या यांची पोरं तो कागद वाचतील! माझी एवढीच एक काळजी काही देवाकडे गेली नाही, ती मी स्वतःजवळ ठेवून घेतली.

मागच्या महिन्यात ठरवलं की आता डोळे मिटण्याआधी हे सांगायचंच. दौलतमामा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा नातू सुधाकर घरी होता. भिंतीवर कागद होता. दरवर्षी घराला चुना लावताना त्याच्याभोवतीची जागा सोडत आले होते. मी सगळं सांगितलं, बकरीपासून खड्यापर्यंत. डोळ्यांत पाणी आलं.

सुधाकरने मला पाणी दिलं. "बाबा, 'उजवा बैल लंगडतो' हे मी पयलीत असतानीच वाचलं. माह्या बापानंबी वाचलं."

"मग दौलतमामा?"

"त्यायले त' त्याच दिवशी समजलं. जलमभर ज्वारी पेरली, लाह्याचा वास वळखत नाही काय? आजा म्हने, चिंता जाळून काय होते, भिंतीले लावून ठेवतो, म्हंजे देवाले रोज दिसन. दिसली म्हने देवाले. झोप चांगली लागे त्यायले."

"सगळ्या गावाला माहीत होतं?"

"साऱ्यायले."

"अरे, मग मला कुणी बोललं का नाही?"

सुधाकर जरा ओशाळला. "आज्यानं घरोघरी सांगून ठेवलं व्हतं. शांतवनले कोनी बोलू नका, थो चिंता करन."

घरी आलो. रूथ तुरीची डाळ निवडत होती. मी विचारलं, "तुलाही ठाऊक होतं?"

"मंग काय त'," ती मान वर न करता म्हणाली. "आठवन मीच देत जाओ सगळ्याइले."

म्हणजे मला चिंता वाटू नये म्हणून अख्खं गाव पन्नास वर्षं जपत आलं, आणि त्या पन्नास वर्षांत या गोष्टीची चिंता करणारा अख्ख्या गावात मी एकटाच होतो.