रविवारी मी कुठे जात असे

नागपूरजवळच्या खाप्यात आमच्या घरी दोन माग होते. एकावर वडील बसत, दुसऱ्यावर मोठा भाऊ. आई मी लहान असतानाच गेली. सातव्या वर्षी मला देवी आल्या आणि चेहऱ्यावर वण ठेवून गेल्या. पुढे मला पाहायला लोक आले, चिवडा खाऊन गेले, आणि पुन्हा कोणाचा निरोप आला नाही. तेव्हा वडिलांनी मला शिकू द्यायचं ठरवलं. गावात याला त्यांचा मोठेपणा म्हणत. मीही बरीच वर्षं तेच म्हणत असे.

अमरावतीला ट्रेनिंगची दोन वर्षं झाली आणि एकोणिसाव्या वर्षी नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत मला जागा मिळाली. जागा बदलीची होती. तिथली एक बाई छातीच्या आजारानं रजेवर होती. ती परतली नाही तर जागा कायम तुमचीच, असं शाळेच्या मोठ्या बाईंनी मला तोंडी सांगितलं.

दुसरी मोठी लढाई सुरू होती. नागपुरात लष्कराची आणि सरकारी कचेऱ्यांची माणसं इतकी येऊन पडली होती की खोलीवाल्यांना मान वर करून भाडेकरूकडे पाहायचीही गरज उरली नव्हती. वडील आणि मी दोन दिवस महाल, सीताबर्डी, धंतोली पायी फिरलो. भाडं ऐकलं की वडील नुसते "बरं" म्हणत आणि चपला घालत. धंतोलीत एक खोली आम्हाला परवडण्यासारखी निघाली. घरमालकीण ओसरीवर उभी होती. तिनं आधी विचारलं, सोबत कोण राहणार? मी म्हटलं, कोणी नाही, मी शिक्षिका आहे. मग तिनं आमची जात विचारली. वडिलांनी सांगितलं, "कोष्टी."

"खोलीला अजून चुना द्यायचाय," ती म्हणाली. "सध्या देता यायची नाही."

चुना ताजा होता. भिंतीला हात लावल्यावर माझी बोटं पांढरी झाली होती.

परतताना वडील म्हणाले, "आपल्या माणसाचं घर असतानी परक्याच्या दारात काहून उभं राहाचं?"

आपला माणूस म्हणजे वडिलांचा चुलतभाऊ. इतवारीतल्या एका कापडाच्या पेढीवर ते मुनीम होते. त्याच पेढीचा शेठ आमची लुगडी घेत असे, आणि कोणतं लुगडं घ्यायचं, कोणतं परत करायचं, हे काका ठरवत. घर लकडगंजात, एका लाकडाच्या वखारीच्या मागे. दिवसभर करवतीचा आवाज, आणि पाण्याच्या हंड्यावरसुद्धा भुसा. काकूनं मला पाहिलं आणि म्हणाली, "ये वं माय. घरचीच पोरगी तू."

घरचीच, म्हणून पहाटेच्या भाकरी माझ्याकडे आल्या. घरचीच, म्हणून पगारातलं निम्मं काकूच्या हातात गेलं, तेही वेगळी खोली घेतली असती तर यापेक्षा जास्त गेलं असतं हे ऐकून घेत. आणि संध्याकाळी काकांच्या मुलीचा अभ्यास. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती. फायनलला, म्हणजे सातवीच्या परीक्षेला, एकदा नापास झाली होती; ती पास झालं की तेव्हा शाळेत शिकवताही येई. हुशार नव्हती, पण मन लावून बसायची. अपूर्णांक तिला कधीच नीट जमले नाहीत. व्याकरण मात्र मी तिच्याकडून इतकं घोटून घेतलं की पुढे परीक्षेत तिला त्याच विषयानं तारलं. निकाल लागला तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली. मलाही रडू आलं. ते खोटं नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

त्या घरात माझा जीव रमला नाही. झोपायला स्वयंपाकघराची कड, वही उघडायला जागा नाही, आणि माझ्या पेटीला कुलूप लावलं की काकूचं तोंड उतरायचं. म्हणून दर रविवारी मी जेवण उरकून बाहेर पडत असे. खोली शोधायला. हंसापुरी, गांधीबाग, जुनी शुक्रवारी. एका घरी म्हातारीनं ओटीवर बसवून ताक दिलं आणि खोली पुतण्याला देऊन टाकली. एका ठिकाणी माणूस एकटाच होता. मी दारातूनच परतले. काकूनं विचारलं तर मी सांगायची, शाळेच्या मोठ्या बाईंकडे गेले होते. खरं सांगितलं असतं तर तुमच्या घरात मला राहायचं नाही असा त्याचा अर्थ झाला असता. आणि शेठकडे जाणारी लुगडी काकांच्या हातून जात होती.

आठव्या महिन्यात रजेवरची बाई वारली. शाळेत दोन मिनिटं उभं राहून मुलींनी प्रार्थना म्हटली. मला दुःख झालं, आणि त्याच्या पाठोपाठ जे वाटलं त्याची लाजही वाटली. पुढच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मी धुतलेलं पातळ नेसून गेले होते.

"तुम्ही रविवारी कुठे जाता?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. "कोण म्हणालं?"

"शाळेच्या कमिटीत विषय निघाला. तुम्ही दिवसभर घराबाहेर असता, कुठे जाता ते घरी खोटं सांगता. माझ्याकडे येते म्हणता. माझ्याकडे तर तुम्ही एकदाही आला नाहीत."

"खोली शोधायला जात होते."

"आठ महिने?"

"हो. मिळाली नाही म्हणून आठ महिने."

त्यांनी बराच वेळ दौतीच्या झाकणाशी चाळा केला. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, हे मला दिसत होतं. तेच मला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "मुलींची शाळा आहे. बाईबद्दल एकदा शब्द निघाला की मला काही करता येत नाही. शेठजींनी दुसरं नाव सुचवलंय. घरंदाज मुलगी आहे, आत्ताच फायनल झाली."

कमिटीवरचे शेठजी म्हणजे काकांच्या पेढीचे मालक. दुसरं नाव कोणाचं, ते मी विचारलं नाही. पायऱ्या उतरताना मला ते आपोआप कळलं.

घरी आले तर काकूनं माझ्या तळहातावर साखर ठेवली. "तुह्या बहिणीले नोकरी लागली वं! तुह्यामुळंच झालं हे."

मुलगी दाराआड उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिनं मान खाली घातली. काका ओसरीत पान लावत बसले होते. मी समोर जाऊन विचारलं, "काकाजी, शेठले माह्याबद्दल काय सांगतलं तुम्ही?"

त्यांनी मान वर केली नाही. "जे दिसलं ते. तू रविवारी जात होती का नाही?"

"मी कुठं जातो हे तुम्ही मले एकदा तरी इचारलं?"

"इचारून काय करतो? आता कटकट करू नोको. तू ट्रेनिंग झालेली हाये, तुले कुठंबी जागा भेटन. हिच्यासाठी एका मास्तरचं स्थळ आलं हाये, त्याले नोकरीवाली पायजे. आणि तुह्यं तं..." एवढं बोलून ते थांबले. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी तेव्हा पाहिलं. वाक्य पुरं करायची त्यांना गरज वाटली नाही.

साखर अजून माझ्या हातात होती. मी ती परातीत टाकली आणि नेसत्या पातळानिशी निघाले. शाळेतल्या मुलींना तपासायला येणारी एक नर्सबाई गड्डीगोदामात राहायची. ती ख्रिश्चन होती, वयानं मोठी, बोलायला फटकळ. तिच्या खोलीपुढचा पडवीचा तुकडा गोणपाटानं बंद केलेला होता. "पावसात गळतं," ती म्हणाली, "आणि माझ्या घरी कोंबडी शिजते. चालत असेल तर राहा." मी राहिले. सगळी हकीकत वडिलांना कार्डावर लिहून कळवली.

चौथ्या दिवशी ते छोट्या रेल्वेगाडीनं आले. खांद्यावर लुगड्यांचं गाठोडं होतं. त्यांनी माझं कार्ड दोनदा वाचून घेतलं होतं, एकदा भावाकडून, एकदा पोस्टमास्तरकडून. मला वाटलं, आता काकांची धडगत नाही. आम्ही माझी पेटी आणायला लकडगंजात गेलो. वाटेत मी मनातल्या मनात त्यांच्या तोंडी वाक्यं घालत चालले होते.

काका ओसरीतच होते. वडिलांनी गाठोडं खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडले.

"पोरगी नादान हाये गा," ते म्हणाले. "बोलून गेली असन काहीबाही. तू मोठ्या मनाचा हायेस. सोडून दे."

काका म्हणाले, "आपल्या माणसाचा राग कोण धरते?" काकूनं चहा आणला. वडिलांनी बशीत ओतून तो प्यायला. मग काकांनी गाठोडं सोडलं आणि लुगडी पाहायला घेतली. त्या दिवशी एकही परत केलं नाही.

मी आत जाऊन पेटी उचलली. ती जड होती. मुलगी मदतीला आली आणि एका बाजूची कडी तिनं धरली. दारापर्यंत आम्ही दोघी ती घेऊन आलो. तिथे ती हळूच म्हणाली, "ताई, मले माहीत नव्हतं." मी कडी तिच्या हातातून सोडवून घेतली. तिला माहीत होतं की नव्हतं, ते मला कधी कळलं नाही.

स्टेशनाच्या रस्त्यावर मी वडिलांना विचारलं, "तुमचा माह्यावर भरवसा नाही काय?"

"हाये ना," ते म्हणाले. "पण दोन माग चालले पायजे ना वं." आणि थोड्या वेळानं, "चाल, घरी चाल. काही नोको ही नोकरी."

मी गेले नाही. त्यांनीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

तीन महिन्यांनी मला म्युनिसिपालिटीच्या एका प्राथमिक शाळेत घेतलं. पगार कमी, वर्गात साठ मुली, त्यातल्या निम्म्या कडेवर भावंडं घेऊन यायच्या. तिथेच मी केस पांढरे होईपर्यंत शिकवलं. काकांच्या मुलीचं मास्तराशी लग्न झालं. वर्षाच्या आत तिनं नोकरी सोडली आणि ती नवऱ्याबरोबर रायपूरला गेली. ती जागा तिसऱ्याच कोणाला मिळाली. मला कोणी बोलावलं नाही, आणि मीही अर्ज केला नाही.

वडील नागपूरला महिन्यातून एकदा येत राहिले. पेढीवर माल टाकून उन्हं उतरता उतरता माझ्याकडे यायचे, गोणपाट बाजूला करून पेटीवर बसायचे. माझ्या शाळेचं विचारायचे, भावाच्या पोरांचं सांगायचे. त्या दिवशी मी मुद्दाम दोन भाज्या करायची. ताट वाढलं की ते म्हणायचे, "राहू दे वं. मी लकडगंजातूनच जेवून आलो."