लोरेन स्टुपॅक भांडण मिटू देत नाही

पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या कोळसागावात, वृद्धाश्रमाच्या चादरी धुणारी लोरेन स्टुपॅक भांडखोर म्हणून ओळखली जाते. तिला तसं केलं ते शाळाखात्यानं. तेवढं एक काम तरी त्यांनी नीट केलं म्हणायचं.

तिच्या लेकीला, मार्नीला, डाउन सिंड्रोम. गावच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात ती मजेत बसायची. तिला दूरच्या खास शाळेत धाडायचं खात्याच्या मनात आलं. कायदा म्हणतो, हे पालकांसोबत बसून ठरवा. म्हणून बैठक. टेबलाच्या एका बाजूला खात्याचे आठ शहाणे, दुसऱ्या बाजूला लोरेन, आणि तिच्यापुढे आधीच आणून ठेवलेला कागदी रुमालांचा डबा. रडायची सोयसुद्धा सरकारी.

"आपण सगळे एकच टीम, आई," मुख्य अधिकारी हॅलोरनबाई म्हणाल्या. खात्यात मुरलेल्या या बाई प्रत्येक आईला आईच म्हणत. नाव लक्षात ठेवायचे कष्ट वाचतात. "मोकळेपणानं बोला. अजून काहीच ठरलेलं नाही."

"असं? मग काल बसवाल्याचा फोन कसा आला? सोमवारपासून मार्नीला नव्या शाळेत नेणार म्हणाला."

कोणी टेबलावरच्या डोनटकडे पाहिलं, कोणी छताकडे.

लोरेननं संमतीच्या कागदावर सही केली नाही, सुनावणी मागितली. तिथं बसवाल्यानं भाबडेपणानं खरं ते सांगून टाकलं. निकाल लागला: आधीच ठरवून घेतलेली बैठक बेकायदा, ती नव्यानं घ्यावी.

नव्यानं तेच आठ जण बसले. या खेपेला त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माना डोलावल्या आणि तीच शाळा सुचवली. लाथ तीच, फक्त आता विचारून मारलेली. लोरेनला त्यांची किळस आली.

तिनं पुन्हा तक्रार ठोकली, तेव्हा तिचा भाऊ एमिल वैतागला. "अगं, या लोकांपुढे जिंकणार आहेस का तू?"

"जिंकायचंय कुणाला, एमिल? भांडण चालू आहे तोवर पोरीला या शाळेतून हलवता येत नाही. कायद्यातच आहे तसं. मग मी मिटवू कशाला?"

तिनं मिटू दिलंच नाही. सुनावणी, अपील, बैठक, परत तक्रार. अशी दोन वर्षं उलटली, आणि जूनमध्ये मार्नी पाचवी, म्हणजे तिथली शेवटची इयत्ता, संपवून मैत्रिणींच्या घोळक्यातून हसत गावच्या शाळेबाहेर पडली. सुनावणीची पुढची तारीख ऑगस्टची होती.