स्टेअरिंगचा जोड

आमची पिकअप माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान आहे. धावड्याला आमचं शेत, मिरची हे मुख्य पीक, आणि ती पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात न्यायची ती याच गाडीतून. तोडणीच्या दिवसांत गावातल्या आठ-दहा बायकाही तिच्याच मागच्या भागात बसून शेतात येतात. वडिलांचा, म्हणजे दादांचा, उजवा खांदा धरला तेव्हापासून गाडी मी चालवते. मी शिकवत होते ती शाळा बंद पडली होती, घरात जीव लागत नव्हता, म्हणून मीच चावी मागितली.

"घे," दादा म्हणाले. "पण स्टेअरिंगला प्ले हाय, ध्यानात ठेव."

प्ले म्हणजे चाक वीतभर फिरवलं तरी गाडी सरळच जायची आणि मग एकदम वळायची. त्याची मला सवय झाली. पण गेल्या हंगामात स्टेअरिंगच्या चाकाखालून आवाज यायला लागला. वळणावर खट्ट, खड्ड्यात खट्ट. पुढे पुढे तो मला भाकरी थापतानाही ऐकू यायचा. अंथरुणात पडलं की हात आपोआप चाक धरल्यासारखे आवळले जायचे.

शेवटी मी गाडी पिंपळगावच्या मिस्त्रींकडे नेली. ते दादांचे जुने दोस्त, मी त्यांना चाचा म्हणते. घरी त्यांची उर्दू, आमच्याशी मिसळीची मराठी. त्यांनी चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.

"बुश बिलकुल गेला, दांडा धरणारी कडी. ह्या मॉडेलचा पार्ट आता भेटत न्हाई. नव्या गाडीचा कॉलम टाकू."

कॉलम म्हणजे चाकापासून पायाशी उतरणारा दांडा आणि त्याच्यावरची नळी. जालन्याच्या भंगारात मागून ठोकलेली एक नवी पिकअप पडली होती, तिचा पुढचा भाग शाबूत होता. तिचा कॉलम दोन दिवसांनी गोणपाटात गुंडाळून एसटीनं आला. तो जाड होता आणि त्याचं चाक खाली-वर करता येत होतं. मी बुटकी, घडीची चादर खाली घेऊन बसणारी, मला तेवढ्यानंच बरं वाटलं.

पण तो बसेना. पायाजवळच्या पत्र्याचं भोक मोठं करावं लागलं, वरचं ब्रॅकेट नवीन करावं लागलं. एवढं जमलं, आणि मग खालच्या टोकाचे दाते पुढची चाकं वळवणाऱ्या जुन्या गिअर बॉक्सच्या दात्यांशी जुळेनात. तिकडे शेतात मिरची तोडून पडली होती. मी गॅरेजात नुसती येरझाऱ्या घालत होते.

"चाचा, वेल्डिंग करून जोडून टाका ना."

सोबत आलेले दादाही माझ्याच बाजूनं बोलले. "करून टाक, मिस्त्री. किती दिवस थांबायचं?"

चाचांनी कोपऱ्यातला जुना दांडा उचलला, रॉकेलच्या चिंधीनं पुसला, पत्र्याच्या तुकड्यानं वरचा काळा रंग खरवडला. खाली वेल्डिंगची फुगलेली कड निघाली. कडेला चीर होती, अर्ध्या दांड्याला वेढा घालणारी. चाचांनी तीत नख घातलं, ते आत गेलं.

"हे माझं काम न्हाई," ते म्हणाले. "कोणी केलं?"

दादा म्हणाले, "म्या करून घेतलं होतं. माल घेऊन लांब गेल्तो, तिथं हा तुटला. गाडी हळू होती म्हणून वाचलो. तिथल्या एकानं जोडून दिला. म्हणला, घरी पोचंपर्यंत चालंल."

"कधी?" मी विचारलं.

"तू सातवीला होतीस."

मी हिशेब करायला लागले आणि थांबले. आईला दवाखान्यात याच गाडीतून नेलं होतं. रोज मागं बसणाऱ्या बायका होत्या. आणि आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, मीही तेच करायला सांगत होते.

"बेटा, वेल्डिंग मला येते," चाचा म्हणाले. "पण ह्या कामाला मी वेल्डिंग करत न्हाई. क्रॉस शोधू. जल्दी करू नको."

क्रॉस म्हणजे दोन तोंडांचा जोड. आम्हाला असा हवा होता की एका तोंडात जुने दाते बसावेत, दुसऱ्यात नवे. चार दिवस मिरची शेजाऱ्यांच्या टेम्पोनं गेली. माझं कशात लक्ष नव्हतं. पाचव्या दिवशी मी चाचांबरोबर जालन्याला गेले. एमआयडीसीच्या मागच्या भंगारात सकाळपासून फिरलो. दोन्ही मापांच्या दात्यांची नमुन्याची टोकं माझ्या पिशवीत होती, दिसेल त्या जोडात मी ती घालून बघत होते. चाचा म्हणाले चहा घेऊ, मी नको म्हणाले. दुपारी एका ढिगातून निघालेल्या क्रॉसमध्ये दोन्ही टोकं बसली, जराही न डुगडुगता. चाचांनी मलाच तो फिरवायला लावला.

"बराबर?"

"बराबर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे बोल्ट घालून तो बसवला आणि मला शेजारी घेऊन बाजारापर्यंत गाडी चालवली, मग मला चालवायला दिली. चाक हलवलं की गाडी लगेच हलत होती. मला ते जमेना. जुन्या सवयीनं मी वीतभर फिरवायची आणि गाडी नाल्याकडे जायची.

"हळू," चाचा म्हणाले. "आता ती ऐकते तुझं."

त्यानंतरच्या सकाळी बायका गाडीत चढल्या तेव्हा दादा घरातून बाहेर आले. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मागचं फाळकं धरलं आणि सगळं सांगितलं, चिरेसकट. मला माहीत होतं आणि मी बोललो न्हाई, असंही म्हणाले.

एक म्हातारी म्हणाली, "आता नीट हाय ना? मंग चला."

पण तिच्या शेजारची बाई उतरली. तिची दोन लेकरं कित्येकदा याच गाडीतून आली होती. ती दादांकडे न बघता म्हणाली, "मी पायी येते."

शेत गावापासून कोसभर आहे. ती आठ दिवस पायी आली. रोज आमची गाडी तिला मागं टाकून पुढं जायची, आणि मी आरशात बघायची. नवव्या दिवशी ती चढली, पण फाळक्याशी बसली, एका हातानं दांडी घट्ट धरून. मी गाडी हळू, दुसऱ्या गिअरमध्येच नेली.