लाईल टॉरगर्सनचा कठडा

लाईल टॉरगर्सनला लोखंडातलं सगळं कळतं. असं लाईलच सांगतो, आणि इतक्यांदा सांगतो की डेल्बर्ट नेसच्या वर्कशॉपमध्ये ते विसरायची कुणाची टाप नाही. आडव्या बेंडिंग मशीनवर तो उभा राहिला की जणू पाद्रीबुवाच वेदीपुढे उभे. पट्टी टेबलावर आडवी ठेवायची, पॅडल दाबायचं, ठोकळा पुढे सरकून पट्टीला साच्यात रेटतो आणि काटकोन तयार. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच तर आहे.

पण लोखंड मोठं लबाड. दाब सुटला की पट्टी थोडी मागे उघडते, म्हणून वाकवताना काटकोनापेक्षा जरा जास्तच वाकवावी लागते. किती जास्त, ते पट्ट्यांच्या त्या त्या गठ्ठ्याच्या मर्जीवर. म्हणून नवा गठ्ठा फोडला की पहिला तुकडा वाकवायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचा आणि भंगारात टाकायचा, ही या धंद्यातली रीत. लाईल ही रीत पाळत नाही. "नमुना काढतात ते शिकाऊ," तो म्हणतो. "मला पट्टी हातात घेतली की कळतं." डेल्बर्ट मालक असून गप्प बसतो. विस्कॉन्सिनच्या या भागात माणसं तोंडावर बोलत नाहीत, पाठ फिरली की मात्र कसर ठेवत नाहीत.

लाईलची सासू आल्विना. गुडघे गेल्यामुळे दोन वर्षं तिला चर्चच्या तळघरात दरवर्षी होणाऱ्या लुटफिस्कच्या, म्हणजे नॉर्वेजियन पद्धतीच्या माशाच्या जेवणाला जाता आलं नव्हतं. जिना उभा, धरायला काही नाही. तिचं ताट वर, कोटांच्या खोलीत यायचं. यंदा लाईलने प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर जाहीर केलं, "जिन्याला कठडा मी करतो. आल्विना यंदा खाली बसून जेवणार." म्हातारीने निळा झगा इस्त्रीला काढला.

कठडा भिंतीला धरून ठेवणारे ब्रॅकेट अर्धे झाले आणि गठ्ठा संपला. लाईलने दुसरा फोडला आणि तसाच पुढे रेटला. डेल्बर्ट जाता जाता म्हणाला, "एक बघून घेतोस का?"

"तू बिलं बघ," लाईल म्हणाला.

जेवणाच्या दिवशी तळघरात मासा शिजत होता आणि लाईल जिन्यात घामाघूम झाला होता. वरचे ब्रॅकेट कठड्याला भिडत होते. खालचे सगळे नव्या गठ्ठ्यातले, तोंड वासून माना टाकलेले. कठडा धरला की डुगडुगायचा. नाचता येईना अंगण वाकडं, तसं लाईलने भिंतीवर खापर फोडलं.

"भिंतच सरळ नाहीये हो. कुणी बांधली कोण जाणे."

"माझ्या बाबांनी," त्याची बायको मार्लिस खालून म्हणाली. बटाट्यांचं पातेलं घेऊन ती तशीच आत निघून गेली.

आल्विना जिन्याच्या तोंडाशी निळा झगा घालून उभी होती. तिने कठड्याला हात लावला, कठडा हलला. तिने हात काढून घेतला.

"तुमचं ताट वर आणतो," लाईल पुटपुटला. असला आवाज त्याचा कुणी कधी ऐकला नव्हता.

"दोन वर्षं कोटांसोबत जेवले मी," आल्विना म्हणाली. "कोट काही बोलत नाहीत."

"मग माझा हात धरा."

"तोही तूच वाकवलायस का?"

आणि म्हातारी, इस्त्रीच्या झग्यासकट, पहिल्या पायरीवर बसली. तिथून दुसरीवर. खालच्या टेबलांवरचे काटेचमचे थांबले. सगळं गाव बघत होतं, म्हणजे सगळं गाव बघत नसल्यासारखं करत होतं. लाईलला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. घेतलं नाही. म्हातारी घसरली तर धरायला खाली कुणीतरी हवं, हे त्याच्या लक्षात आलं. तो भिंतीलगत अंग चोरून तिच्या पुढे गेला, बसला, आणि तोही बुड टेकत टेकत उतरू लागला.

डेल्बर्टने लोण्याची वाटी पुढे सरकवत शेजाऱ्याला विचारलं, "हाच ना तो, नमुना न काढणारा?"

लाईलने ऐकलं. तो मध्येच थांबला, कान लाल झालेले. मागून आल्विनाने बुटाचं टोक त्याच्या पाठीला लावलं.

"सरक की पुढे. मासा निवतोय."