हसण्याआधीची खरखर

कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांकडून परतलो त्या दिवशी हातपाय न धुताच मी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. बायको म्हणाली, "आदी चा तरी घ्या." मी म्हणालो, "चहा कुठे पळून जातोय?" पळून काय जाणार होतं ते मला दोन तासांपूर्वीच कळलं होतं आणि मी प्रचंड घाबरलो होतो.

डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले होते आणि हातात एक बटण दिलं होतं. आवाज आला की दाबायचं. मी शाळकरी पोरासारखा मन लावून दाबत होतो. बाहेर आल्यावर तिथली मुलगी म्हणाली, "काका, आवाज नसतानाही किती वेळा दाबलंत तुम्ही!" मला वाटलं, थट्टा करतेय. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा त्याच वाटेवर आहे. बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा.

पेटीत माझ्या रेकॉर्डी होत्या. चाळीसेक असतील, सगळ्या परदेशी. राहिलेलं सांभाळा म्हणजे काय करा, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मी ठरवलं, कान आहे तोवर ही पेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घ्यायची.

आमचा धंदा लाउडस्पीकरचा. शहापूरच्या बाजारपेठेमागे वडिलांचं दुकान होतं. दोन अँप्लिफायर, चार कर्णे, एक रेकॉर्ड प्लेअर आणि लग्नाच्या गाण्यांची खोकी, एवढाच पसारा. हळदीच्या गावी जायचं, उंच बांबूच्या टोकाला कर्णा बांधायचा आणि बांबू उभा करण्याआधी तो वाजतोय का ते बघायचं. बघायची आमची रीत म्हणजे सरळ कर्ण्याच्या तोंडात कान घालायचा. वडील तेवढे कान लावत नसत. ते आत तळहात धरायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे, चढव." मला वाटायचं, काय मुरलेला माणूस आहे, नुसत्या हाताने आवाज ओळखतो! त्यांचे कान गेले होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. लाउडस्पीकरवाला बहिरा आहे म्हटल्यावर कोण बोलावणार? आणि ते कळल्यावरही मी माझा कान कर्ण्यात घालतच राहिलो. रीत ती रीत.

या रेकॉर्डी आल्या त्या नव्वदीच्या सुरुवातीला. माझा मामा मुरबाडकडे एका कागदाच्या कारखान्यात रद्दी निवडायला होता. तिथे परदेशातून रद्दीचे गठ्ठे यायचे, तारेने करकचून बांधलेले. त्यांतून प्लास्टिक, पत्रा, जे काही लगद्यात चालत नाही ते बाजूला काढायचं, हे त्याचं काम. तिकडच्या लोकांनी तेव्हा घराघरांतून रेकॉर्डी बाहेर फेकायला सुरुवात केली असावी, कारण वर्तमानपत्रांच्या थरांत पुठ्ठ्याच्या पाकिटासकट त्या निघू लागल्या. मामा घेऊन आला आणि म्हणाला, "भाच्या, तुमच्या धंद्यातलं कायतरी हाय बघ. फुटलेल्या टाकून दे."

पाकिटांवर देवादिकांची नाही, नट-नट्यांची नाही, असली भलतीच चित्रं. मोडकी सायकल, भिंतीपाशी तोंड वाकडं करून उभी असलेली पोरं, वर्तमानपत्रातली अक्षरं कापून धमकीच्या चिठ्ठीसारखी चिकटवलेली नावं. हे पंक आणि हे इंडी, अशी त्या गाण्यांच्या प्रकारांना नावं आहेत हे मला बऱ्याच वर्षांनी सायबर कॅफेत कळलं. तोवर एका पाकिटावरचा 'इंडी' शब्द वाचून यात आपल्या इंडियाचं काहीतरी असणार, म्हणून मी ती रेकॉर्ड जरा जास्तच जपत होतो.

पहिली लावली आणि आवाज फाटला. वडील समोरच होते. त्यांना ऐकू काय आलं असेल देव जाणे, पण तळहात स्पीकरवर होता. "बंद कर, युनिट जळेल!" ते ओरडले. मी बंद केली, दुपारी ते जेवायला गेल्यावर पुन्हा लावली. आमचा सगळा जन्म आवाज फाटू नये म्हणून धडपडण्यात गेलेला आणि ही पोरं मुद्दाम फाडत होती. आमच्यासारखीच मोडकी मशीनं, गाता येत नाही, वाजवता येत नाही, आणि तरी काय तो जोर! मला एक शब्द कळला नाही. पण शहापुरात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

एकदा किन्हवलीला हळदीत मी त्यातली एक लावली. कर्णा बांबूवर, गाव अंगणात. आधी सगळे वर बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "मशीनमधी उंदीर घुसला का काय रे?" नवरीचा मामा धावत आला, "बंद कर आदी! पोरीचं लगीन हाय का मयत?" पण एक म्हातारबा थोडी घेऊन बसले होते, ते उठून एकटेच नाचू लागले आणि मी बंद केल्यावर माझ्यावरच चिडले. "चांगलं चाल्लं व्हतं की!" माझ्या आवडीला या जिल्ह्यात मिळालेली तेवढीच काय ती दाद.

पुढे कॅसेट आली, मग डीजे. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं. वडील गेले, रेकॉर्डी पेटीत गेल्या आणि मी माणसापेक्षा उंच रचलेल्या स्पीकरच्या खोक्यांसमोर रात्र रात्र उभा राहू लागलो. पोटासाठी. छातीत धडधडायचं, सकाळी कानांत शिट्टी वाजायची, संध्याकाळपर्यंत जायची. एका सकाळपासून ती गेलीच नाही.

तर ती पेटी. रोज दुपारी लाइट असेल तेव्हा एक रेकॉर्ड, असा नेम केला. तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक होतं, आणि वेळापत्रकात नसलेलं लोडशेडिंग वेगळं. कित्येक वर्षांनी लावलेल्या त्या रेकॉर्डी मला ओळखूच येईनात. झांजा गेल्या होत्या. वाजवणारा तिथे जीव तोडून झांजा बडवतो हे मला पाठ होतं, आणि त्या जागी आता नुसती भिंत. दोन रेकॉर्डींवरची खरखरही गेलेली पाहून मला आधी आनंद झाला, की बरी साफ पुसली मी. बायको दारात तांदूळ निवडत होती. तिला म्हणालो, "बघ, कशी स्वच्छ वाजतेय." ती म्हणाली, "खरखर हाय की. चांगली तळणीत मासा सोडल्यावानी." मी तांदळाचं सूप लाथाडायचंच बाकी ठेवलं. माझा राग तिच्यावर नव्हता, पण समोर तीच होती.

बायको टोकावड्याची. लग्न झाल्यापासून मला हाक मारायची तर "ऐकलं का?" अशी. माझ्या कानाचं कळल्यावर तिने हळूहळू ती हाक सोडली. आता ती जवळ येऊन खांद्याला हात लावते. पहिल्यांदा लावला तेव्हा मी दचकलो आणि मग स्वयंपाकघरातून तिला दिसणार नाही अशा बाजूला तोंड करून बसलो. एवढी साधी हाक, तीही गेली.

पेटीतली एक रेकॉर्ड मात्र मी रोजच लावायचो. पाकिटावर चार मुली एका बाकावर बसलेल्या, एसटी चुकल्यासारखी तोंडं करून. त्यांतलं पहिलं गाणं सुरू होण्याआधी थोडी खरखर आहे, मग कसलं तरी स्टूल पडल्याचा आवाज, आणि मग एक मुलगी हसते. अगदी बारीक, तोंडावर हात ठेवून हसावं तशी. लगेच दुसरी काहीतरी ओरडते आणि गाणं सुरू. ते हसणं पुसायचं त्यांच्याकडून राहून गेलं असेल, किंवा त्यांनी मुद्दाम ठेवलं असेल. नव्या नवरीला ऐकवायला म्हणून आमच्या लग्नानंतर मी हीच रेकॉर्ड लावली होती. गाणं ऐकून तिने कानांवर हात ठेवले, पण हसणं तिला आवडलं. "कशाला हसली असंल गो ही?" तिने त्या पाकिटालाच विचारलं. मग तो आमचा खेळच झाला. स्टुलावरून कोण पडलं? आई ओरडायला आली असेल. नाही, ढोल वाजवणारीची चप्पल तुटली असेल. भांडण झालं की ती ही रेकॉर्ड काढून माझ्या हातात द्यायची, बोलायची नाही.

आता मी त्या हसण्यावर कान ठेवून होतो, दुखणेकऱ्याच्या नाडीवर बोट ठेवावं तसा. ते आहे तोवर मी आहे, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. आधी ते लांब गेलं, शेजारच्या घरात कुणी हसावं एवढं. मग मान एका बाजूला वाकवली तरच यायला लागलं. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं मशीन लावून बघितलं, तर हसण्याऐवजी स्टीलची ताटली पडल्यासारखं काहीतरी आलं. ते मशीन माणसांसाठी ठीक होतं, रेकॉर्डीसाठी मी ते काढून खिशात ठेवायचो. वडिलांसारखा तळहात स्पीकरवर ठेवून बघितला. ढोलाची धडधड हाताला कळत होती, पण हसणं हाताला कळत नाही. वडिलांनी मग इतकी वर्षं कसं निभावलं? की निभावलंच नाही, आणि आम्हाला दिसलं नाही? त्या दिवशी मी फार रडलो. शेजारचे म्हणाले, आता गाण्याबिण्याचा नाद सोडा, देवाचं नाव घ्या. देवाचं नाव ऐकायलाही कानच लागतो, हे त्यांना कोण सांगणार?

ती एप्रिलमधली दुपार होती. घर तापलेलं. सगळी दारं-खिडक्या उघड्या, पंखा मी बंद ठेवलेला, कारण पंख्याची घरघर मध्ये येते. मशीन काढून खिशात ठेवलं. अँप्लिफायरचा लाल दिवा लागलेला बघितला, पिन काठावर ठेवली, हात मांडीवर घेतले आणि डोळे मिटले.

आधी खरखर आली. तळणीत मासा सोडल्यासारखी. मी श्वास धरला. स्टूल पडलं आणि ती हसली.

शेजारच्या घरात नाही. माझ्यासमोर, तोंडावर हात ठेवून, जशी लग्नानंतरच्या त्या दिवशी हसली होती तशी. मग दुसरी ओरडली आणि गाणं सुरू झालं, झांजांसकट. झांजा! एकेक झांज वेगळी. मधेच एकीचा सूर चुकतो तेही आलं, पुन्हा सावरते तेही आलं. डॉक्टरला काय कळतं, मी मनात म्हणालो, बटणं दाबून कुठे कान कळतात? घामाने सदरा भिजला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, दोन्ही मी पुसलं नाही. मी मान डोलावत होतो, पायाने ठेका धरला होता. गाणं संपलं तरी डोळे उघडले नाहीत. कुणाला तरी हात जोडावेत असं वाटत होतं.

तेव्हा खांद्याला हात लागला.

बायको होती. मी तिला हसून म्हणालो, "आली! सगळी आली! झांजापण आल्या!" ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या उजव्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "लाइट गेलीय."

"कधी?"

"तुमी पिन ठेवली न् लगेच गेली. मी दारातच हाय मगापासून. म्हटलं आता उठतील, मग उठतील."

मी बघितलं. लाल दिवा विझलेला होता. पिन काठावरच्या पहिल्या फेऱ्यांत टेकलेली, रेकॉर्ड जागच्या जागी. मी बोट लावून पाहिलं. थांबलेलीच होती. त्या बंद खोलीतलं बटण मला आठवलं. आता मला काय खरं ऐकू येतं आणि काय मी नुसतंच दाबतोय, हे मला कोण सांगणार होतं?

बायको माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि पदराने माझं तोंड पुसलं. पिन मी उचलली नाही, लाइट यायची वाट बघू लागलो.

मग लाल दिवा लागला. रेकॉर्ड आधी जड, ओढल्यासारखी फिरली, मग तिने गती घेतली. बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचे डोळे पिनेवर होते. मी डोळे मिटले नाहीत, या वेळी मिटायची हिंमतच झाली नाही. मान वाकवली, उजवा कान पुढे केला. बायकोने एक बोट वर केलं, थांबा म्हणाल्यासारखं, आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आता हसली." ते मी तिच्या ओठांवरून ओळखलं. मला त्या दोघींपैकी कुणाचंच ऐकू आलं नाही.