लिऑनला बाळंतपण करायला गेलो

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. लेक येऊ शकत नसेल तर आईनं तिकडं जायचं. आमच्या घरात आई उरली नव्हती, म्हणून मी निघालो. छावणीच्या बाजारात फौजी वर्द्या शिवण्यात माझा जन्म गेला. बाळंतपणातलं मला कळत होतं ते एवढंच, की झबल्याच्या बंदाची गाठ मागं घेऊ नये, बाळाला टोचते. तरी निघालो. गल्लीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग कामाला लागल्या.

शेजारच्या कौसाबाई मूळच्या फुलंब्रीकडच्या. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हालेली. त्यांनी मला अंगणात पाटावर बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावली, पाय लांब करायला लावले आणि पायांवर दुधी भोपळा ठेवला. "भोपळा समजू नगा, नात समजा," म्हणाल्या. पहिल्या दिवशी माझी नात दोनदा पायांवरून घसरली. कौसाबाई म्हणाल्या, "लई घाबरता तुम्ही. घाबरला की हात सुटतो." आठवडाभरात भोपळा न्हाऊ घालण्यात मी तरबेज झालो आणि मग त्याची भाजी झाली.

बॅग भरताना कौसाबाईंनी शेकासाठी चार गोवऱ्यासुद्धा घातल्या होत्या. त्या माझ्या पुतण्यानं गुपचूप काढल्या. बाकी सगळं होतं: डिंक, हळीव, बाळंतशोपा, खारीक, छोटा लोखंडी खलबत्ता, मी शिवलेल्या कुंच्या आणि झबली. वर साजूक तुपातल्या डिंकाच्या लाडवांचा डबा. लाडू गल्लीतल्या बायकांनी मिळून वळले होते, फरजानाभाभींनी त्यात बदाम घातले होते.

तो डबा फ्रान्समध्ये उतरल्या उतरल्या, लिऑनच्या विमानतळावरच गेला. तपासणीवाल्यानं बोटानं दाखवून काहीतरी विचारलं. मला वाटलं, माल अस्सल आहे का असं विचारतोय. मी छाती पुढं काढून म्हणालो, "घी, प्युअर घी." बाहेरून दुधातुपाचं काही आणायला तिथं बंदी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. मी हातानं पोट दाखवलं, बाळ जोजवून दाखवलं, तर त्यालाही वाईट वाटलेलं दिसलं. पण नियम तो नियम. मी एक लाडू उचलला आणि तिथंच उभ्याउभ्या खाल्ला. बाकीचे त्यानं पिंपात टाकले. लेकीच्या वाटचा तेवढा एक लाडू बापाच्या पोटात गेला.

बाहेर जावई उभे होते. विनयराव साधे, कामसू, संगणकातल्या नोकरीत. त्यांनी वाकून नमस्कार केला. गाडीत मी प्रज्ञा कशी आहे विचारलं, तर म्हणाले, "थकलीय." मग शहर दाखवू लागले. लिऑनमधून दोन नद्या वाहतात, दोन्हींना पाणी काठोकाठ. आमच्या खाम नदीच्या पुलावरून नाक दाबून जाणाऱ्या माणसानं ते पाणी पाहावं आणि गप्प बसावं. रस्त्यावर सगळी माणसं काळ्या कोटात. कोट मात्र अंगाबरहुकूम शिवलेले, खांद्याला एक सुरकुती नाही.

त्यांचं घर क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर. पूर्वी ही रेशीम विणणाऱ्यांची वस्ती होती. उभे माग मावावेत म्हणून घरांची छतं उंच. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत उतरायला घरांच्या पोटातूनच बोळ आहेत, त्यांना ‘त्राबूल’ (आतला रस्ता) म्हणतात. विणकर आता नाहीत. आमच्याकडं हिमरूचे माग असेच बंद पडत गेले, त्यामुळं मला तिथं क्षणभर ओळखीचं वाटलं. मग जिने चढायला लागलो आणि ओळख विसरलो.

दार प्रज्ञानं उघडलं. "आलात अण्णा," म्हणाली आणि जाऊन खिडकीशी बसली. आतल्या खोलीत बाळ रडत होतं. मी तिच्याकडं पाहिलं, ती बाहेर पाहत होती. ही पोरगी आमच्या घरात इतकी बोलायची की तिची आई म्हणायची, जरा आवाज कमी कर, रेडिओला लाज वाटती. कॉलेजात संगणक शिकवायची. लग्न होऊन इथं आली तेव्हा भाषा येत नव्हती म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून ओळखी नाहीत. व्हिसाच्या घोळात मी बाळंतपणानंतर पोचलो होतो. माझ्या मनात तिथंच ठरलं, हिला घरी न्यायचं. सव्वा महिना आपल्या गल्लीत काढला की ही उभी राहील. मी लिऑनला त्याच एका कामासाठी आलोय, असं मी स्वतःला बजावलं.

तिथं घरी येऊन बाळ-बाळंतीण तपासणारी नर्स असते, तिला ‘साज-फाम’ (सुईण) म्हणतात. तरुण, हसरी बाई. आली की प्रज्ञाला विचारायची, "सा वा?" (बरं आहे ना?) प्रज्ञा म्हणायची, "सा वा." (बरं आहे.) तिथं प्रश्नही तोच आणि उत्तरही तेच. जिन्यात भेटणारा, पावाच्या दुकानातली बाई, कचऱ्याची गाडी घेऊन येणारा, सगळे हेच विचारतात आणि हेच ऐकून पुढं जातात. साज-फाम मात्र पुढं गेली नाही. बाळाचं वजन घेतल्यावर तिनं प्रज्ञाच्या हातावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि जावयांना बाजूला घेऊन बोलली. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, दर आठवड्याला एका बाईसमोर बसून मनातलं बोलणं सुरू झालं. त्या देशानं काही कमी केलं नाही, खोटं का सांगू. पण बोलायचं होतं फ्रेंचमध्ये.

पहिल्यांदा मीच तिला घेऊन गेलो. परत येताना ट्राममध्ये ती म्हणाली, "या भाषेत मला भाजी आणता येते, अण्णा. एवढंच येतं." पुढच्या थांब्यापर्यंत मी खिडकीतून कोटच मोजत राहिलो.

लाडू गेले होते, म्हणून एका रविवारी सकाळी मी खलबत्ता काढला आणि खारीक कुटायला बसलो. थोड्या वेळानं दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजी, पांढरे केस नीट विंचरलेले. आधी "बाँझूर, मस्यो" (नमस्कार, महाशय), मग कानाकडं बोट. तिथं रविवारी ठोकाठोक करायची नसते, हे जावयांनी नंतर सांगितलं. मी खलबत्ता पुढं करून दाखवला, आतल्या खोलीकडं बोट केलं, बाळ-बाळंतीण. आजींनी मान डोलावली आणि विचारलं, "सा वा?" मी काय म्हणणार? "सा वा." त्या समाधानानं खाली गेल्या. आमच्या गल्लीत खारीक कुटल्याचा आवाज आला की चार बायका विचारत येतात, कुणाची लेक आलीय?

बाळाला मीच न्हाऊ घालू लागलो. न्हाणीघर म्हणजे काचेच्या दाराचा एक कोपरा. पाट नाही, म्हणून प्लास्टिकचं खोकं उपडं घातलं. पँट दुमडली, पाय लांब केले, तर पावलं दाराबाहेर. नातीला पायांवर घेतलं आणि मला कौसाबाईंचा भोपळा आठवला. पहिल्या तांब्याला नात किंचाळली, दुसऱ्याला गप्प झाली, तिसऱ्याला तिनं तोंड उघडून माझ्याकडं असं पाहिलं की मला हसू फुटलं. वर पाहिलं तर प्रज्ञा दारात उभी. माझ्या पायांवरच्या केसांना साबणाचा फेस लागला होता, त्याकडं पाहून ती हसली. आवाज करून हसली. सगळ्या मुक्कामात तेवढंच. मी लगेच म्हणालो, ये, तू घे. तिचं हसू गेलं. "माझ्या हातून काहीतरी होईल अण्णा," म्हणाली आणि दारातून निघून गेली.

दिवाळीच्या सुमारास तिथल्या मराठी लोकांनी भाड्याच्या सभागृहात फराळ ठेवला. विनयराव आम्हाला आग्रहानं घेऊन गेले. मंडळी चांगली होती. चकल्या खुसखुशीत होत्या. बोलणं मात्र सगळं राहण्याच्या परवान्यांचं, कुणाचं नूतनीकरण अडलं, गियोतिएर भागातल्या बाजारात तूरडाळ कुठं चांगली मिळते याचं. प्रत्येकानं बाळाला घेतलं, फोटो काढले, प्रज्ञाला म्हणाले, किती छान दिसतेयस. ती म्हणाली, हो. मी तिला त्या दिवशी तिच्या आईची अबोली रंगाची साडी नेसायला लावली होती. ब्लाऊज ढगळ झाला होता. दोन्ही बाजूंना टाचण्या लावून मी तो आत घेतला होता.

तिथं वैशाली भेटली. गंगापूरची, लिऑनमध्ये बरीच वर्षं राहिलेली, एका पाळणाघरात काम करते. मी छावणीतला म्हणाल्यावर तिची भाषाच बदलली. तिनं दुरून प्रज्ञाकडं पाहिलं आणि मला खिडकीशी नेलं. "काका, इथं बाळ झालं की सगळे बाळाला बघायला येतात. त्ये बी आधी इचारून, वेळ ठरवून. बाईला कुणी बघत नाय. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी बी अशीच बसायचे." मग तू कशी उठलीस, मी विचारलं. ती म्हणाली, "ते मला बी नाय सांगता येत." आपण अधूनमधून येत जाऊ, असं तिनं कबूल केलं. ती आलीही, कामाच्या पाळ्यांतून जमेल तशी.

हिवाळा आला. तिथं दुपारीच दिवे लागतात. प्रज्ञा गोळ्या घ्यायची, जेवायची, बाळाला पाजायची, पाजून झालं की माझ्याकडं द्यायची. रोज सकाळी मी टेबलावरच्या छोट्या बुद्धमूर्तीसमोर त्रिसरण-पंचशील म्हणायचो. लहानपणी ती माझ्याही पुढं पाठ म्हणायची. आता नुसती शेजारी येऊन बसायची. डॉक्टर म्हणत, वेळ लागेल. माझ्याकडं वेळच नव्हता, व्हिसा संपत आला होता.

मी विनयरावांशी बोललो. ते लगेच तयार झाले, माणूस एकटा झुंजून दमला होता. बाळाची कागदपत्रं करून घेतली. मग मी प्रज्ञासमोर बसलो आणि म्हणालो, चल घरी. कौसाबाई आहेत, फरजानाभाभी आहेत, शेक मिळेल, डोक्याला तेल मिळेल, गल्ली आहे. मला वाटलं होतं ती रडेल. ती अगदी शांत होती.

"तिथं सगळ्याजणी बघायला येतील," ती म्हणाली. "लेक कशी झालीय म्हणतील. मी काय सांगू त्यांना? इथं निदान कुणी बघत नाही."

मी म्हणालो, नाही येणार कुणी, मी दाराला कडी लावून बसतो. तिनं मान हलवली. मग पाळण्याकडं न पाहता म्हणाली, "तुम्ही हिला घेऊन जा अण्णा. मला राहू द्या."

मी उठलो आणि बाळाच्या बाटल्या धुवायला लागलो. धुतलेल्याच होत्या. फौजेतल्या धिप्पाड माणसांची मापं घेतली मी, कुणाची कंबर किती, छाती किती, बघूनच सांगायचो. माझ्याच लेकीच्या दुःखाचं माप मला सापडलं नाही. तान्हं बाळ आईपासून तोडून विमानानं आणायचं नसतं. तिला ओढून आणायची नसते. मग मी आणायचं काय?

निघायच्या सकाळी मी शेवटचा प्रयत्न केला. पाणी कोमट केलं, खोकं उपडं घातलं आणि प्रज्ञाला म्हणालो, आज तू बस. ती बसली. मी सांगितलं तसे पाय लांब केले. मी नातीला तिच्या पायांवर ठेवलं, मान धरून राहिलो आणि तांब्यानं पाणी घालू लागलो. प्रज्ञाचे हात दोन्ही बाजूंना फरशीवर तसेच टेकलेले होते. मी म्हणालो, हात लाव बेटा. तिनं हाताकडं पाहिलं. हात उचलला नाही. पाणी गार होत गेलं, पोरगी रडू लागली, मग मीच उचलून टॉवेलात गुंडाळली.

जिन्यात खालच्या आजी भेटल्या. माझी बॅग पाहून त्यांनी विचारलं, "सा वा?"

मुंबईला उतरलो, रेल्वेनं घरी आलो. रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा बायका दारातच होत्या. कशी हाय लेक? बाळ कुणावर गेलंय? लाडू पुरले का? मी म्हणालो, बरी आहे, गोरी आहे, पुरले. सगळ्यांना सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की प्रज्ञा तिथं जे सांगते तेच मी इथं सांगतोय. तिला आणायला गेलो होतो आणि तिचं उत्तर तेवढं घेऊन आलो.

आता रोज दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी, फोन येतो. बाळाची आंघोळ असते. विनयराव फोन धुण्याच्या मशीनवर उभा करून ठेवतात. त्यात समोरची भिंत दिसते, माणूस दिसत नाही. पाणी पडल्याचा आवाज येतो, नातीचं किंचाळणं येतं. पाणी कोण घालतंय, हे मी विचारत नाही.

परवा कौसाबाई शेजारी येऊन बसल्या. दोघांनी आवाज ऐकला. त्या म्हणाल्या, "प्रज्ञाच न्हाऊ घालतीय ना?"

"व्हय," मी म्हणालो.

तेवढ्यात तिकडं जावई खोकले, अगदी पाण्याजवळ. कौसाबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाणी थांबेपर्यंत त्याही उठल्या नाहीत.