सुखदेवच्या आवाजाची टेप

हे मी आजवर कोनालेच सांगतलं नाई. बायकोले नाई, पोराले नाई. तुमाले काहून सांगून राह्यलो? – माहीत नाई बुवा. पन आयका.

आनीबानी लागली त्याच्या आदल्या सालची गोष्ट. कामरगावात माहं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. भोंगे, बॅटऱ्या, अन् एक टेपरेकॉर्डर – मोठ्या चकऱ्यांचा. गावात तसा दुसरा नव्हता, म्हनून माही अकड काय विचारता! एक दिवस बौद्धपुऱ्यातली शांता टेपची चकरी घेऊन आली. तिचा नवरा सुखदेव जयंतीले गाये – काय गळा होता! – तो तापानं गेला होता. पोरगी अजून पाळन्यात. अकोल्याच्या एका पाहुन्यानं त्याचं गानं आपल्या लहान्या मशीनवर भरलं होतं, अन् तो पाहुना बदली होऊन मशीनसकट दूर निंगून गेला होता.

"भाऊ, पोरीले बापाचा आवाज आयकवाचा हाय," शांता म्हने.

मी टेप लावली त नुसती चिमन्यावानी चिवचिव. तिचं तोंड उतरलं. "ठेवून जा, पाहतो," म्हनलं.

ती गेल्यावर मी चकरीवर बोट दाबून पाह्यलं. चकरी हळू झाली – अन् सुखदेव गाऊ लागला! म्हनजे टेप चांगली होती. त्या मशीनची चाल हळू, माह्या मशीनची जलद, एवढंच. अन् हे मले समजलं होतं बरं. नाई समजलं असं मी म्हनत नाई.

मंग... कसं सांगू? दुसऱ्या दिवशी पाटलाच्या पोरीचं लगन होतं. मंगलाष्टकं भरून देतो, असं मी छाती ठोकून कबूल केलं होतं – अन् कोरी टेप आनाले सपा भुललो. पाटलापुढं नाई म्हनाची हिंमत होती का माह्यात? शांतापुढं होती. टेप पाटलाची असती त मी तिले हात लावला असता? नसता लावला. माह्याच हातानं मी बटन दाबलं. सुखदेव पुसला गेला, त्याच्यावर मंगलाष्टकं भरली. पाटील खूश झाला.

शांताले मी दुसरीच एक घासलेली चकरी देल्ली, तिच्याच डब्बीत घालून. म्हनलं, "माह्या मशीनवर लागत नाई. जिच्यावर भरली तशीच मशीन पाहिजे." तिनं इश्वास ठेवला. कारंज्याले मशीन आली असं आयकलं की तिथं गेली. मुर्तिजापूरले गेली. मजुरी बुडवून, पोर कडेवर घेऊन. दरखेपी येऊन मलेच सांगे, "भाऊ, तिथलीबी मशीन अलगच निंगाली." अन् वरून माहीच समजूत काढे – "तुमचा काय दोष?" लाज वाटत होती. लय वाटत होती. तरी मी चूप.

शांता वारली. मंग पोरगी लग्नाच्या आदी माह्याकडं आली, थेच डब्बी घेऊन. "काका, आता त नव्या मशीनी आल्या. एखांदीवर लागन ना बाबाचा आवाज?"

"लागन," मी म्हनलं. पुन्हा खोटं! इतक्या वर्सांनंबी.

त्या टेपवर गान्याच्या मधातच सुखदेव थांबला होता. पाळन्यातली पोर रडत होती, त तो तिले म्हने – "उगी माय, उगी. मी हाय ना इथंच." हे आयकलेला गावात आता मी एकटाच. पोरगी समोर उभी होती, अन् मी तिले तेवढंबी सांगतलं नाई.